कागलच्या लेकीची दौलत
(गणेशोत्सवातील व्याख्यानाचा मजकूर)



गणपतीच्या मांडवात आपण दरवर्षी कुणा ना कुणा थोर स्त्रीचे चरित्र ऐकतो. जिजाऊंचे ऐकतो, ताराराणींचे ऐकतो, अहिल्यादेवींचे तर पुन्हा पुन्हा ऐकतो. आज आम्ही ज्या बाईंबद्दल बोलणार आहोत, त्यांचे नाव या यादीत सहसा येत नाही. आणि त्या तर आपल्या अगदी शेजारच्या! निपाणीहून कोल्हापूरकडे निघालो, कोगनोळी मागे टाकले, दूधगंगेचा पूल ओलांडला की कागल लागते. त्या कागलात १७८४ साली घाटगे घराण्यात एक मुलगी जन्मली. पुढे ती ग्वाल्हेरच्या शिंद्यांची सून झाली, सहा वर्षे तिने ग्वाल्हेरचा कारभार पाहिला, आणि आपल्या काळातल्या हिंदुस्थानातल्या सर्वांत श्रीमंत स्त्रियांमध्ये तिची गणना झाली. त्या बायजाबाई शिंदे.

त्यांच्या नावावर ना मोठी लढाई जिंकल्याची नोंद, ना हौतात्म्य. त्यांच्या नावावर आहे ती दौलत. म्हणूनच त्या आपल्याला थोड्या अवघड वाटतात. लढणाऱ्या बाईला आपण नमस्कार करतो, दानधर्म करणाऱ्या बाईला करतो. पण पैसा राखणारी, वाढवणारी आणि "हा माझा आहे" असे ठासून म्हणणारी बाई समोर आली की आपण जरा बिचकतो. आज त्या बिचकण्याबद्दलच आम्हाला थोडे बोलायचे आहे.

प्रथम माहेर पाहू. कागलचे घाटगे हे जुने देशमुख घराणे. आदिलशाहीपासून नावारूपाला आलेले, आणि कुळाचा अभिमान बाळगणारे. पुढे १८७४ साली याच घराण्यात यशवंतराव जन्मले आणि १८८४ साली कोल्हापूरच्या गादीवर दत्तक जाऊन राजर्षी शाहू महाराज झाले, हे इथल्या शाळकरी मुलालाही ठाऊक आहे. बायजाबाई त्यांच्या नव्वद वर्षे आधीच्या. वडील सखाराम घाटगे, आई सुंदराबाई. सखारामांना सर्जेराव हा किताब. मुलगी घोड्यावर बसायला शिकली, भाला-तलवार चालवायला शिकली. त्या काळच्या सरदारघराण्यात मुलींना हे शिक्षण अगदीच दुर्मीळ नव्हते, पण बायजाबाईंची घोडेस्वारी म्हातारपणीही लोक वाखाणत.

महादजी शिंदे १७९४ साली पुण्याजवळ वानवडीला वारले. त्यांच्या जागी आले दौलतराव, वय पंधरा. हाताशी मोठी कवायती फौज, उत्तरेत पसरलेला मुलूख, आणि आजूबाजूला सल्ला देणाऱ्यांची गर्दी. त्या गर्दीत सर्जेराव घाटगे होते. १७९८ च्या सुरुवातीला पुण्यात दौलतराव आणि बायजाबाईंचे लग्न झाले. मुलगी चौदा वर्षांची, जावई एकोणीस वर्षांचा, आणि सासरा शिंद्यांचा दिवाण.

इथून सर्जेरावांचे जे प्रकरण सुरू होते ते वाचताना आजही मान खाली जाते. गादी मिळवून दिल्याबद्दल दुसऱ्या बाजीरावांनी शिंद्यांना मोठी रक्कम कबूल केली होती. ती देणे त्यांना जमेना, तेव्हा पुण्यातल्या सावकार-धनिकांकडून ती वसूल करण्याचे काम सर्जेरावांकडे आले. त्यांनी ते मारझोड आणि छळ करून केले. पुण्याच्या आठवणीत त्यांचे नाव त्यामुळेच काळ्या शाईने लिहिले गेले.

दुसरी गोष्ट आजच्या विषयाशी अधिक जवळची आहे. महादजींच्या मागे त्यांच्या विधवा होत्या. त्यांच्या निर्वाहाची नीट तजवीज करू, असे दौलतरावांनी कबूल केले होते. ते वचन पाळले गेले नाही. बायांनी तक्रार केली, तेव्हा सर्जेरावांनी त्यांच्यावर हात टाकला आणि त्यांना बळजबरीने दूर पाठवायचा घाट घातला. शिंद्यांच्या फौजेतले कितीतरी जुने सरदार हे सहन न होऊन त्या विधवांच्या बाजूने उभे राहिले, आणि शिंद्यांच्या घरातच युद्ध पेटले. मंडळी, हे भांडण राज्याच्या हद्दीचे नव्हते. घरातल्या विधवांचा वाटा काय आणि तो कुणी द्यायचा, याचे होते. सासरी नुकत्याच आलेल्या बायजाबाईंनी आपल्या वडिलांच्या हातून सासूबाईंची ही गत झालेली पाहिली. त्यांना त्या वयात काय वाटले ते कागदावर नाही. पण घरचा कर्ता पुरुष गेला की बाईच्या हातात काय उरते, याचा धडा त्यांना फार लवकर मिळाला, एवढे म्हणायला हरकत नाही.

१८०३ साली इंग्रजांशी युद्ध झाले. सप्टेंबरात असईची लढाई, मग त्याच वर्षअखेरीस सुर्जी-अंजनगावचा तह. असईच्या मोहिमेत बायजाबाई घोड्यावरून नवऱ्याबरोबर होत्या, असे सांगतात. दोन वर्षांनी, १८०५ च्या नोव्हेंबरात, कंपनी आणि शिंदे यांच्यात पुन्हा तह झाला. त्यातली दोन कलमे शेजारी शेजारी ठेवून पाहण्यासारखी आहेत. एका कलमाने कंपनीने बायजाबाईंना आपल्या मुलखात वार्षिक दोन लाखांची जहागीर दिली आणि त्यांची मुलगी चिमणाबाई हिला एक लाखाची. दुसऱ्या कलमाने सर्जेराव घाटग्यांना शिंद्यांनी पुन्हा कधीही कारभारात घेऊ नये, असे ठरले. म्हणजे एकाच तहात लेकीला जहागीर आणि बापाला दरबारबंदी! सर्जेराव पुढे १८०९ साली शिंद्यांच्या छावणीतच मारले गेले.

ही दोन लाखांची जहागीर ही बायजाबाईंच्या स्वतःच्या नावाची होती. इथे "खासगी" हा शब्द नीट समजून घेतला पाहिजे. आपल्याकडच्या राजघराण्यांत दौलत आणि खासगी असे दोन हिशेब असत. दौलत म्हणजे राज्याचा महसूल, फौजफाटा, किल्ले. खासगी म्हणजे घरातल्या बाईसाठी किंवा घराण्यासाठी बाजूला काढलेली गावे आणि त्यांचे उत्पन्न. होळकरांची खासगी अहिल्यादेवींच्या हाती होती आणि देशभरातले त्यांचे घाट, देवळे, धर्मशाळा खासगीतून झाल्या, असे आपण अभिमानाने सांगतो. व्यवस्था तीच, रीत तीच. पण अहिल्यादेवींबद्दल जे कौतुकाने म्हटले गेले, ते बायजाबाईंबद्दल बोलताना "बाई पैशाला फार जपते" असे म्हटले गेले.

जपत होत्या, यात शंका नाही. पण नुसते जपत नव्हत्या, पैसा फिरवत होत्या. उज्जैन हे तेव्हा माळव्यातले मोठे सावकारी ठाणे. आपल्याकडे निपाणीची बाजारपेठ जशी तंबाखूवर उभी राहिली, तशी माळव्यातली उलाढाल बरीचशी अफूवर चाले. शेतकऱ्याला आगाऊ पैसा, व्यापाऱ्याला भांडवल, दूरच्या शहरात रक्कम पोचवायला हुंडी, अशी ती साखळी. आज आपण अफूचे नाव काढले की कान टवकारतो, पण त्या काळी कंपनी सरकारचाही मोठा महसूल त्याच धंद्यातून येई. या सावकारीत बायजाबाईंच्या स्वतःच्या पेढ्या होत्या. दरबारातली राणी पेढीची मालकीणही असावी, ही गोष्ट इंग्रज अधिकाऱ्यांना विचित्र वाटे. आपल्या आजच्या भाषेत सांगायचे तर बाईंना व्याज, मुदत आणि पत यांचा हिशेब कळत होता.

दौलतराव २१ मार्च १८२७ रोजी वारले. मुलगा नव्हता. आपल्या मागे कारभार बायजाबाईंनीच पाहावा, ही त्यांची इच्छा त्यांनी बोलून दाखवली होती. दत्तक घेण्याला ते अखेरपर्यंत फारसे राजी नव्हते. पण वारस नसला तर राज्याचे काय होते, हे तेव्हा सगळ्यांनाच दिसू लागले होते.

आणि याची सर्वांत ताजी साक्ष होती आपल्याच भागात. काकती हे बेळगावच्या उंबऱ्यावरचे गाव. तिथल्या देसाई घराण्यातली चन्नम्मा कित्तूरला दिली होती. कित्तूरच्या देसाईंच्या घरात वारस उरला नाही, तेव्हा राणी चन्नम्मांनी शिवलिंगप्पाला दत्तक घेतले. धारवाडचा कलेक्टर थॅकरे याने दत्तक मानायला नकार दिला, खजिन्याला मोहोर ठोकली, पहारे बसवले. २३ ऑक्टोबर १८२४ रोजी कित्तूरच्या लढाईत थॅकरे मारला गेला. पण डिसेंबरात कंपनीची मोठी फौज आली आणि किल्ला पडला. राणी चन्नम्मा कैदेतच १८२९ साली बैलहोंगलला वारल्या. त्यांचे शौर्य आपले कन्नड बांधव आणि आपण, दोघेही मिळून आठवतो, आणि ते योग्यच आहे.

आता हे पाहा. काकती आणि कागल ही एकाच हमरस्त्यावरची गावे. दोन्ही गावच्या लेकी एकाच पिढीतल्या, वयाने फार तर सहा-सात वर्षांचे अंतर. दोघींचे नवरे गेले, दोघींना वारस नव्हता, दोघींपुढे कंपनी उभी होती आणि दोघींच्या गोष्टीत खजिन्याचा प्रश्न होता. एकीने तलवार उचलली. दुसरीने कागदपत्र, पेढी आणि दरबार ही हत्यारे वापरली. कोण मोठी, असा प्रश्न आम्ही विचारत नाही. कित्तूर लहान संस्थान होते, त्याला दुसरा मार्ग कंपनीने ठेवलाच नाही. ग्वाल्हेर मोठे होते, तिथे कंपनीलाही सांभाळून पावले टाकावी लागली. पण कंपनी दोन्ही ठिकाणी एकच होती, हे विसरू नये.

बायजाबाईंनी १८२७ च्या जूनमध्ये शिंद्यांच्या भाऊबंदांतला अकरा वर्षांचा मुलगा दत्तक घेतला. तो जनकोजीराव. तो लहान म्हणून कारभार बायजाबाईंच्या हाती राहिला. १८२७ ते १८३३ अशी सहा वर्षे. या काळात कंपनीने ग्वाल्हेरहून मोठे कर्ज घेतले, आणि त्याचे व्याज ग्वाल्हेरच्या नावाने ठेवलेल्या, पण इंग्रज अधिकाऱ्यांच्या हुकमतीखालच्या फौजेच्या खर्चात वळवले. धनको ग्वाल्हेर, ऋणको कंपनी, आणि व्याजावर पोसलेली फौज पुन्हा कंपनीच्याच हाताखाली! असा व्यवहार आपल्या गावच्या पतपेढीत कुणी केला तर संचालक मंडळाला सभासद धारेवर धरतील.

याच वर्षांत त्यांचा पैसा काशीला गेला. विश्वनाथाच्या देवळाशेजारी ज्ञानवापीच्या विहिरीभोवती चाळीसहून अधिक खांबांचा दगडी मंडप १८२८ साली त्यांनी बांधला. विश्वनाथाचे देऊळ अहिल्यादेवींचे, १७८० चे. त्याच्या अंगणात पन्नास वर्षांनी हा मंडप आला तो कागलच्या लेकीचा. मणिकर्णिकेजवळचा शिंदे घाटही त्यांनीच १८३० च्या सुमारास बांधायला घेतला. तो इतका भव्य आणि इतका जड झाला की नदीकाठची जमीन त्याला पेलेना आणि बांधकाम खचले. पुढे शिंद्यांनी तो पुन्हा बांधून घेतला. उज्जैनचे गोपाळ मंदिर, तेही बायजाबाईंचेच. काशीयात्रेला जाणारी आपली मंडळी शिंदे घाटावर होडीतून उतरतात, कललेले रत्नेश्वराचे देऊळ पाहतात, फोटो काढतात. हा घाट आपल्या कागलच्या बाईंनी बांधला, हे त्यांना कुणी सांगत नाही. पुढच्या वेळी जाणाऱ्यांनी तेवढे आठवावे.

आता उलटी बाजू. जनकोजीराव मोठे होऊ लागले आणि कारभार मागू लागले. बायजाबाईंना तो सोडायचा नव्हता. आपण हयात आहोत तोवर सत्ता आपली, अशी त्यांची समजूत होती, आणि दौलतरावांच्या शब्दाचा त्यांना आधार वाटत होता. मुलाच्या बाजूनेही न्याय होताच. सतरा वर्षांचा राजा, आणि त्याला स्वतःच्या दरबारात हुकूम नाही. घरात ताण वाढला. गव्हर्नर जनरल बेंटिंक १८३२ च्या अखेरीस ग्वाल्हेरला येऊन गेला, पण प्रश्न सुटला नाही. १८३३ च्या जुलैत फौजेचा मोठा भाग जनकोजीरावांकडे वळला आणि बायजाबाईंना ग्वाल्हेर सोडावे लागले. ज्या फौजेतल्या सरदारांनी पस्तीस वर्षांपूर्वी महादजींच्या विधवांसाठी तलवार उपसली होती, त्या फौजेने या विधवेला मात्र बाहेर काढले.

वय एकोणपन्नास. आधी आग्रा, मग फत्तेगड, मग अलाहाबाद. आणि या हद्दपारीत सगळ्यात मोठे भांडण कशाचे झाले? पैशाचे. काशीच्या पेढ्यांवर बाईंनी रक्कम ठेवली होती. ग्वाल्हेर दरबार म्हणे, ती राज्याची. बाई म्हणत, ती माझी. कंपनीने निकाल होईपर्यंत म्हणून रक्कम अडकवून ठेवली, आणि अडकलेला पैसा हा बाईंना हव्या त्या गावी हलवण्याचा दोर होऊन बसला. तुम्ही सांगू तिथे राहा, मग पाहू. जहागीर दिली कंपनीने, पेढी चालवली बाईंनी, पण नवरा गेला, मुलगा फिरला, आणि चाळीस वर्षांचा हिशेब एका प्रश्नावर येऊन थांबला: बाईचा म्हणून पैसा असतो तरी का?

या हद्दपारीच्या दिवसांत त्यांना भेटलेली एक इंग्रज बाई फॅनी पार्क्स हिने त्यांचे वर्णन लिहून ठेवले, म्हणून आज आपल्याला बायजाबाई थोड्या जवळून दिसतात. ही भेट १८३५ च्या एप्रिलात फत्तेगडला झाली आणि पुढे दोघींची चांगली ओळख जमली. फॅनीचे प्रवासवर्णन १८५० साली लंडनला छापले गेले. त्यात केस पिकलेल्या, अंगाने भरलेल्या, लहानशा नाजूक हातापायांच्या, गोड हसणाऱ्या बायजाबाई आहेत. विधवा म्हणून दागिने जवळजवळ नाहीत. भोवती मराठमोळ्या बायकांचा गोतावळा. इंग्रज बायका घोड्यावर दोन्ही पाय एकाच बाजूला सोडून बसतात, हे त्या बायकांना फार मौजेचे वाटले. त्यांनी फॅनीला मराठी पद्धतीने लुगडे नेसवून, दोन्हीकडे पाय टाकून घोड्यावर बसवले, आणि तिला ते भलतेच आवडले.

पण त्या भेटींतला आम्हाला मोलाचा वाटतो तो दुसराच भाग. बोलता बोलता हिंदू विधवेच्या वाट्याला येणाऱ्या हालांचा विषय निघाला. तेव्हा फॅनीने आपल्या देशातली गोष्ट सांगितली: इंग्लंडचा कायदा लग्न झालेल्या बाईवर किती कठोर आहे, ती नवऱ्याच्या किती अधीन आहे, आणि दाद मागायला जागा किती थोडी. ती खोटे सांगत नव्हती. इंग्लंडात लग्न झालेल्या स्त्रीची मालमत्ता नवऱ्याची समजली जाई. ते बदलायला १८७० आणि १८८२ चे कायदे यावे लागले. तंबूत समोरासमोर बसलेल्या दोन बायकांपैकी एक राज्यकर्त्यांच्या देशातली, दुसरी हद्दपार केलेली राणी. तरी स्वतःच्या नावाची जहागीर आणि स्वतःची पेढी होती ती दुसरीजवळ. आपण सगळे मागासलेले आणि साहेब सगळा पुढारलेला, असे जे आपल्याला शिकवले गेले, ते इतके सरळ नव्हते.

बायजाबाई पुढे काही वर्षे नाशिककडे राहिल्या. १८४३ साली जनकोजीराव वारले, जयाजीराव गादीवर आले, आणि कालांतराने बाईंना शिंद्यांच्या मुलखात परत येता आले. वय वाढले तरी दौलतीचा लौकिक कमी झाला नव्हता. मथुरेत सर्वतोमुख यज्ञ करायचा, लाखो रुपये खर्च करायचे, असे त्यांनी योजले. ही बातमी थेट कोकणापर्यंत पोचली. पेणजवळच्या वरसईचे विष्णुभट गोडसे दक्षिणा मिळेल या आशेने १८५७ साली घराबाहेर पडले, वाटेत बंडाच्या वणव्यात सापडले, झाशी पाहिली आणि परत येऊन "माझा प्रवास" लिहिले. मराठीतले एवढे मोलाचे पुस्तक आपल्याला मिळाले त्याचे निमित्त बायजाबाईंचा यज्ञ होता, ही गोष्ट पुस्तक वाचलेल्यांच्याही लक्षात राहत नाही.

१८५८ च्या जूनमध्ये तात्या टोपे, रावसाहेब पेशवे आणि राणी लक्ष्मीबाई ग्वाल्हेरवर चालून आले. जयाजीराव आग्र्याला पळाले. चौऱ्याहत्तर वर्षांच्या बायजाबाई घरातल्या बायकांना घेऊन नरवरच्या बाजूला निघून गेल्या. बंडवाल्यांनी त्यांना परत बोलावले, त्यांचे नाव पुढे करायची तयारी दाखवली. त्या गेल्या नाहीत. कंपनीने ज्यांचा एवढा छळ केला त्यांनी कंपनीविरुद्ध का उभे राहू नये, असे आपल्याला वाटते, आणि वाटणे साहजिक आहे. त्यांनी नातवाच्या वयाच्या जयाजीरावांची गादी राखायचे ठरवले. याचा गौरव करायचे कारण नाही आणि लपवायचेही नाही. १८६३ साली ग्वाल्हेरला त्यांचा अंत झाला.

जाता जाता त्यांच्या भावाबद्दल एक वाक्य. हिंदुराव घाटगे दिल्लीला स्थायिक झाले होते. तिथल्या टेकडीवरचे त्यांचे घर १८५७ च्या वेढ्यात इंग्रजांचे मोठे ठाणे होते. आज दिल्लीत त्या जागी हिंदुराव रुग्णालय आहे आणि खाली बाडा हिंदुराव हा मोहल्ला. दिल्लीकर रोज कागलच्या माणसाचे नाव घेतात. भावाचे नाव मोहल्ल्याला राहिले. बहिणीने बांधलेला घाट मात्र शिंद्यांच्या नावाने ओळखला जातो. सासरचे नाव, हे एका अर्थी बरोबरच. पण बाईंचे स्वतःचे नाव कुठे?

आता दोन शब्द आपल्याबद्दल. आम्ही हे चरित्र आज सांगितले त्याला कारण आहे. आपण सीमाभागातली मंडळी. जमिनीचा तुकडा, भाषेचा हक्क, नावाची पाटी यांसाठी आपण आणि आपल्या वाडवडिलांनी किती वर्षे काढली ते वेगळे सांगायला नको. हक्काचा अर्थ आपल्याला कळतो. मग तोच हक्क घरातल्या लेकीचा असेल तेव्हा आपली जीभ का अडखळते?

कायदा तर आता स्पष्ट आहे. पूर्वी हिंदू विधवेला मालमत्ता मिळे ती बहुधा हयातीपुरती. विकता येईना, कुणाला देता येईना. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने तो मर्यादित हक्क पूर्ण मालकीचा केला. वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाबरोबरीचा हक्क देणारी दुरुस्ती महाराष्ट्राने आणि कर्नाटकाने एकाच वर्षी, १९९४ साली केली. काही घरांची शेती सीमेच्या दोन्ही बाजूंना आहे. त्यांनी हे लक्षात घ्यावे की या एका बाबतीत दोन्ही सरकारे एकाच बाजूची आहेत. २००५ साली केंद्राने ती दुरुस्ती देशभर केली, आणि २०२० च्या ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की हा हक्क मुलीला जन्मानेच आहे. २००५ साली वडील हयात होते की नव्हते यावर तो अवलंबून नाही.

आणि व्यवहार काय सांगतो? वडील गेले, दिवस झाले, की वाटणीच्या गोष्टी निघतात. मग बहिणींना बोलावणे जाते. हक्कसोडपत्र आधीच टाइप करून ठेवलेले असते. "सही कर, माहेर तुटायला नको," असे कुणीतरी वडीलधारे म्हणते. बहीण सही करते, साडी-चोळी घेऊन परत जाते. सातबारा असो की आपल्याकडचा उतारा असो, त्यावर तिचे नाव येता येता राहते. ज्यांनी राजीखुशीने, समजून-उमजून हक्क सोडला त्यांच्याबद्दल आम्हाला काही म्हणायचे नाही. पण किती जणींनी तो कागद पुरता वाचला? आणि ज्या बहिणीने सही केली नाही तिला आपण काय म्हटले? "पैशाला फार जपते." बायजाबाईंना म्हटले होते तेच.

माहेर तुटते ते वाटणी मागितल्याने नव्हे, वाटणी मागितली म्हणून बोलणे बंद केल्याने. उद्या-परवा आपल्या घरोघरी गौरी येतील. माहेरवाशीण म्हणून आपण त्यांना पावलांच्या खुणा काढून आत आणतो, घरभर फिरवतो, "इथे काय आहे?" विचारतो आणि धान्याची कोठी, दुभते, दागिने एकेक दाखवत सांगतो. ही रीत किती सुंदर आहे याचा विचार करा. लेक घरी आली की तिला घरातले सगळे दाखवायचे, काही झाकायचे नाही. गौरीला जे आपण दरवर्षी दाखवतो ते घरच्या लेकीलाही एकदा बसवून दाखवावे: उतारा, घराचे कागद, बँकेचे पुस्तक. मग ती काय घेईल, काय सोडेल, ते तिने ठरवावे.

मंडळाला आमची एक सूचना आहे. पुढच्या वर्षी निपाणीहून एक दिवसाची सहल कागलला काढावी. शाळेतल्या मुलामुलींना राजर्षी शाहूंच्या घराण्याचे गाव दाखवावे, आणि तिथेच त्यांना बायजाबाईंचे नाव सांगावे. येताना काकतीपर्यंत येऊन राणी चन्नम्मांनाही वंदन करावे. एकाच रस्त्यावरच्या या दोन लेकी आपल्या मुलांना एकाच दिवशी भेटल्या तर बरे होईल.



गणपती बाप्पा मोरया!